वन्संचा पॅच आणि अकराशे पावलं

वन्संच्या अंबाड्यात एक छोटा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, कायम खोचलेला असतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचा आकडा हरवला असेल, म्हणून तात्पुरतं चालवून घेतलंय. त्याला आता सतरा वर्षं झाली. गल्लीत त्यांना सगळे पेचकसताई म्हणतात आणि त्याही त्या नावाला खुशाल ओ देतात. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "अगं, वेळच मिळाला नाही, आणि जो मिळाला तो मशिननं खाल्ला."

वरच्या मजल्यावर रस्त्याकडेच्या खोलीत त्या राहतात. खोलीत एक पलंग, चार कॉम्प्युटर आणि बसायला एकच खुर्ची. पाहुणा आला की पलंगावरची वायरींची भेंडोळी उचलून त्याला जागा करून द्यायची.

तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तारेतला बिघाड कानाने ओळखायच्या. खरखर आली की पाणी शिरलंय, टकटक आली की सांधा ढिला आहे. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा निरोपाच्या दिवशी बाकीच्या बायका डोळे पुसत होत्या आणि वन्सं साहेबांच्या मागे लागल्या होत्या, की भंगारात निघालेला तो कॉम्प्युटर मला द्या. तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस. तो कॉम्प्युटर त्यांनी खोलून पुन्हा जोडला, मग त्याच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिमही तशीच खोलून बघायची ठरवली. जगभरातले लोक मिळून लिहितात, कुणीही वाचावी अशी ती सिस्टिम. बाकीच्या बायका दुपारी मासिक वाचतात, तशा वन्सं तिचा गाभा वाचायच्या. त्याला कर्नल म्हणतात. यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारीच तो. छपाई असो, आवाज असो, डिस्कवरची फाइल असो, सगळं त्याच्या हातून जातं. एकदा एका जुन्या प्रिंटरसाठी त्यांनी त्यात एक ओळ बदलून त्या लिहिणाऱ्यांना पाठवली आणि ती चक्क स्वीकारली गेली. त्या दिवशी त्या तीन वेळा खाली येऊन मला सांगून गेल्या. तिन्ही वेळा मी "अय्या, खरंच?" म्हटलं.

हे सगळं आमच्या घरात कौतुकाचं होतं, पण गरजेचं कधी नव्हतं. गरज पडली ती भिंगरीच्या पायामुळे.

भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं दहा. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. जन्मली तेव्हा डावं पाऊल आत वळलेलं होतं. प्लास्टर झालं, पट्टे झाले, आणि पाचव्या वर्षापासून खास बूट. ते बनवणारे बूटवाले काका आमच्याच गावात, बाजारामागच्या बोळात. दर सहा महिन्यांनी तिला काचेवर उभं करायचे, खालून प्रकाशाची रेघ सरकायची आणि टाचेपासून बोटांपर्यंत पावलाचा नकाशा मशिनमध्ये उतरायचा. त्यावरून लाकडी साचा कोरायचा, साच्यावर बूट.

त्या सोमवारी हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पाऊल हातात घेऊन फिरवलं, उजव्याशेजारी धरून बघितलं. मग म्हणाल्या, "परत आत वळतंय. आता प्रश्न एवढाच, की तीन वर्षं हळूहळू वळत आलंय, की आत्ताच सुरू झालंय? हळूहळू असेल तर शस्त्रक्रिया. अचानक असेल तर नीट बूट, व्यायाम, आणि सहा महिने थांबायचं. बूटवाल्यांकडची जुनी मापं घेऊन शुक्रवारी या."

"आणि मापं मिळाली नाहीत तर?"

"तर मी अंदाजावर थांबणार नाही. शस्त्रक्रिया धरून चाला."

मी तिथून थेट बोळात गेले. काका पत्र्याच्या स्टुलावर बसून तळ शिवत होते. मापं म्हटल्यावर त्यांनी दाभण खाली ठेवला.

"मशीन आठ महिन्यांपूर्वी गेलं, बाई. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आतली हार्ड डिस्क तेवढी जपून ठेवलीय. अकराशे पावलं आहेत तिच्यात. पण कुठलाच कॉम्प्युटर तिला ओळखत नाही. मागच्या महिन्यात त्या चौकातल्या दुकानात नेली, तर म्हणे डिस्क कोरी आहे, नव्यानं आखून घेऊ का? त्यानं 'हो'वर बोट ठेवलंच होतं! मी त्याचा हात धरला. असा धरला, की त्याला वाटलं म्हातारा मारतोय."

"छापलेले कागद नाहीत?"

"कशाला छापू? मशिनमध्ये होतं ना सगळं!"

रुमालात गुंडाळलेली डिस्क मी पिशवीत घालून घरी आणली आणि जिना चढून वन्संच्या हातात दिली. सगळं सांगितलं. वाटलं होतं, भाचीच्या काळजीनं चेहरा उतरेल. उतरला, पण घटकाभरच. मग डोळे असे लकाकले, की मला रागच आला.

"वन्सं, तुम्हाला आनंद होतोय?"

"वहिनी, डिस्क मेलेली नाही! फिरतेय, ऐक." त्यांनी ती तेवढ्यात वीज जोडून कानाशी धरली होती, जुन्या सवयीनं. "भाषा वेगळी आहे, एवढंच. भाषा शिकता येते गं."

मग त्यांनी मला समजावलं. डिस्कवर माल कुठे, किती, कुठल्या नावानं ठेवायचा याची एक रीत असते, तिला फाइलसिस्टिम म्हणतात. प्रत्येक घराची रीत निराळी. मला पटकन कळलं. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात साखर हवी असली की मला सगळे डबे उघडावे लागतात. त्यांचं मीठ साखरेच्या डब्यात आणि साखर चहाच्या. डबे रिकामे नसतात, मलाच त्यांची रीत ठाऊक नसते. आणि त्या दुकानातला कॉम्प्युटर काय म्हणत होता? तर डबे ओळखीचे नाहीत, म्हणजे स्वयंपाकघरच नाही, धुऊन टाकू का!

"मग तुमच्या त्या कर्नलला ही रीत शिकवायची?"

"शिकवायची. ठिगळ लावायचं. पॅच म्हणजे ठिगळच की."

त्यांचा पहिला नियम असा, की मूळ डिस्कला हात लावायचा नाही. मंगळवारचा सगळा दिवस नक्कल करण्यात गेला. मग नकलेची नक्कल. मूळ डिस्क माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांत ठेवायला दिली आणि बजावलं, "मी मागितली तरी देऊ नकोस." हातात फक्त दुसरी नक्कल. बुधवारी सकाळी डबे भरून मी वर गेले, तर त्या पडद्यावर नुसते आकडे बघत होत्या. ओळीच्या ओळी, मुंग्यांच्या रांगा जशा.

"बस. तू वाच, मी लिहिते. माझे डोळे फिरायला लागलेत."

मी पलंगावरच्या वायरी बाजूला सारून बसले आणि वाचायला लागले. विशेष असं काही कळत नव्हतं, पण तांदूळ निवडण्याची सवय असलेल्या बाईला मुंग्या निवडायला काय जड! तासाभरानं वन्सं एकदम खुर्चीतून उठल्या. "थांब! परत वाच. शेवटचे चार. आता उलटे वाच."

मी उलटे वाचले.

"सापडली!" त्यांनी टाळी वाजवली. "वहिनी, ही आपल्या ओळखीची आहे गं! जुन्या घराण्यातली फाइलसिस्टिम. कर्नलला ती येते. पण या कंपनीवाल्यांनी आकडे उलट्या बाजूनं लिहिलेत. सुरुवातीची खूण उलटी दिसली, म्हणून कर्नल दारातूनच म्हणतोय, तुम्ही आमचे नव्हे."

"म्हणजे उखाणा आहे, फक्त शेवटून सुरू केलाय."

"अगदी!" त्या खूश झाल्या. "आणि नावांसाठी जागा जास्त ठेवलीय. चौदा अक्षरांच्या जागी तीस. म्हाताऱ्याच्या गिऱ्हाइकांची नावं मोठी असणार."

मी विचारलं, नुसती पावलं वाचून काढणारा छोटा प्रोग्राम नाही का लिहिता येणार? कर्नलपर्यंत कशाला जायचं?

"येईल की. पण काकांच्या मशिनबरोबर आलेलं नकाशे काढणारं सॉफ्टवेअर आहे ना, त्याला रीतसर जोडलेली डिस्कच लागते. आणि असली मशिनं काय एकट्या काकांकडेच होती? कर्नलला एकदा शिकवलं, की परत कुणाला रडायला नको."

दुपारी तीनपर्यंत त्यांनी शंभरावर ओळी लिहिल्या. मध्ये भिंगरी शाळेतून येऊन दारात लंगडी घालून गेली, तरी त्यांना पत्ता नाही. कर्नल नव्यानं बांधायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्यांनी तीन कप चहा प्यायला आणि माझ्याकडून दोन वेळा कपाटाची चौकशी केली. मग बाजूच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चढवला, नक्कल जोडली, आणि कॉम्प्युटर ठप्प. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा आरडाओरडा.

वन्सं म्हणाल्या, "छान! मघाशी दार उघडत नव्हता. आता निदान भांडतोय तरी."

त्या भांडणाचा एकेक शब्द त्यांनी वाचला. नावांच्या जागेत एक आकडा जुनाच राहून गेला होता. तो बदलला, परत बांधणी, परत ठप्प. या वेळी ठिकाण निराळं. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी खाली कांदा चिरत होते. वरून अशी आरोळी आली, की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकं काढलं.

"वहिनी! जोडली गेली! यादी आली!"

हातात सुरी तशीच घेऊन मी जिना चढले. पडद्यावर नावं उतरत होती. शिक्षिका डावा, शिक्षिका उजवा, पोस्टमन डावा... सरकत सरकत भिंगरीचं नाव आलं. एकदा नाही, सोळा वेळा! वन्सं मला मिठी मारायला आल्या आणि सुरी बघून मागे सरकल्या. मी रडत होते. म्हटलं, कांद्यामुळे.

मी स्वतः धावत जाऊन काकांना घेऊन आले. सत्तर पायऱ्या चढल्यासारखे ते आमचा जिना चढले, चष्मा पुसला, खुर्चीवर बसले. सोबत आणलेल्या सीडीवरून नकाशे काढणारं त्यांचं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि भिंगरीच्या डाव्या पावलाचा शेवटचा नकाशा पडद्यावर उमटला. निळ्या-पिवळ्या रेघांचं डोंगरासारखं चित्र. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

काका म्हणाले, "हे तिचं पाऊल नव्हे."

"असं कसं? नाव तिचंच आहे की," वन्सं म्हणाल्या.

"नाव असू द्या हो, ताई. टाच तिची आहे. ही बघा, बाहेरच्या बाजूला चपटी, हजारांत ओळखेन. पण पुढचा भाग आपल्या बँडवाल्याचा आहे. मोठा ढोल पोटावर बांधून पंधरा वर्षं चालतोय तो, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी असा उंचवटा आलाय. आणि चित्रसुद्धा तुटक आलंय. एक घास खाल्ला, एक सोडला, असं."

घड्याळात साडेबारा. दुसऱ्या दिवशी दहाला डॉक्टरीणबाई. आणि मी मनात हिशेब करत होते, की काका नसते तर? आम्ही बँडवाल्याची बोटं घेऊन डॉक्टरांकडे गेलो असतो आणि तिथे पोरीच्या पायाचा निकाल लागला असता.

वन्सं मात्र काकांकडे असं बघत होत्या, जसं काही त्यांनी सोन्याची चेन काढून दिलीय.

"काका, टाच कुठपर्यंत बरोबर आहे? बोट ठेवा."

काकांनी बोट ठेवलं. वन्संनी पट्टी लावून मोजलं. "दहा तुकडे. बरोबर दहा तुकडे!"

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि एका दमात बोलू लागल्या. प्रत्येक फाइल तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेली असते. पहिल्या दहा तुकड्यांचे पत्ते फाइलच्या कार्डावरच लिहिलेले असतात. फाइल मोठी असली तर पुढचे पत्ते एका वेगळ्या चिठ्ठीवर. "म्हणजे कार्ड मी बरोबर वाचतेय आणि चिठ्ठी चुकीची. वहिनी, आकडे वाच. कार्डावरचा दहावा?"

"दोन हजार तीनशे दहा."

"त्याच्या पुढच्या जागेवर, दोन हजार तीनशे अकरावर, चिठ्ठीच आहे. म्हणजे अकरावा तुकडा दोन हजार तीनशे बारावर असायला हवा. चिठ्ठी काय म्हणते?"

"चार हजार सहाशे चोवीस."

वन्संनी पेचकस उपसला आणि टेबलावर आपटला. "दुप्पट! बरोबर दुप्पट! अरे बाबांनो, कार्डावर वहीची पानं मोजलीत आणि चिठ्ठीवर पानाच्या बाजू! एका पानाला दोन बाजू. एकाच वहीत दोन मोजमापं? कुणी लिहिलंय हे, दोन भावांनी, अबोला धरून?"

काका म्हणाले, "मग बँडवाला मध्येच कुठून आला?"

"चार हजार सहाशे चोवीसाव्या पानावर तो राहतो, काका! मी बाजू शोधायच्या ऐवजी पान शोधत होते, म्हणून त्याच्या घरात घुसले. आणि आकडे दोन-दोननं वाढतात, म्हणून एक पान घेतलं, एक सोडलं. तुम्ही म्हणालात ना, एक घास खाल्ला, एक सोडला!"

"ते मी उगाच म्हटलं."

"उगाच म्हटलंत म्हणूनच कळलं!"

दुरुस्ती फक्त एका ओळीची. चिठ्ठीवरच्या आकड्याला दोननं भागायचं. या वेळी गाभ्याचा तेवढाच भाग बांधायचा होता, दोन मिनिटांत झाला. ती दोन मिनिटं काका खुर्चीत बसले नाहीत. डिस्क जोडली. नकाशा उघडला. टाच, कमान, बोटं, सलग, कुठे तूट नाही.

काकांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "ही माझी पोरगी," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी भिंगरीच्या डाव्या पायाची आठही मापं एकामागून एक उघडायला लावली. चार वर्षांची. पहिली दोन किंचित वळलेली, तिसऱ्या मापापासून टाच ते बोटं सरळ रेघ. सरळ, सरळ, सरळ. शेवटचं, आठ महिन्यांपूर्वीचं, तेही सरळ!

मी वन्संचा हात इतका घट्ट धरला, की त्यांच्या बांगड्या रुतल्या.

काका मात्र अजून शेवटच्या मापाकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे बिघडलं ते त्यानंतर. मशीन गेल्यावर तिचा बूट मी नुसत्या फितीनं माप घेऊन केला. हाताच्या अंदाजावर. वाटलं, चाळीस वर्षांचा हात आहे, चुकतोय कशाला. बाई, ही चूक माझी आहे. उद्या मी बरोबर येतो. डॉक्टरांना मीच सांगतो."

ज्या माणसानं बँडवाल्याची बोटं ओळखली, त्याच माणसाचा हा बूट. म्हटलं, "काका, चहा घ्या आधी."

शुक्रवारी दहाला आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरीणबाईंनी आठ कागद प्रकाशाच्या पेटीवर ओळीनं लावले, पट्टीनं कोन मोजले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काकांनी आपलं सांगितलं, काही न लपवता. बाईंनी ऐकून घेतलं आणि शेवटच्या कागदावर बोट ठेवलं.

"यावरून बूट करता येईल?"

"आठ महिन्यांची वाढ धरून करावा लागेल. पायाची रीत मात्र ह्यातूनच. मशिनसारखी काच मी बसवतो, नवीन."

"मग दहा दिवसांत बूट. रोज दोनदा व्यायाम. सहा महिन्यांनी परत मोजायचं. शस्त्रक्रियेचं मी आज काही लिहीत नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही मापं काढली कुणी?"

भिंगरीनं आत्याकडे बोट दाखवलं. "हिनं. हिनंच कर्नलला उलटं वाचायला शिकवलं."

डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही, पण त्या हसल्या.

वन्संनी तो पॅच जगभरातल्या त्या मंडळींना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. भागाकाराच्या ओळीवर कुणीतरी विचारलं होतं, की हे बरोबर आहे याची खात्री कशी केली? वन्संनी बराच वेळ विचार करून लिहिलं, की आमच्या गावात एक बूट बनवणारे आहेत, त्यांनी पावलं बघून तपासलं. त्यावर आणखी तिघांनी लिहिलं, की त्यांच्याकडेही असल्याच मशिनच्या डिस्का धूळ खात पडल्या आहेत. ते उत्तर घेऊन वन्सं चार वेळा खाली आल्या. चारही वेळा मी "अय्या, खरंच?" म्हटलं, आणि या खेपेला प्रत्येक वेळी मनापासून म्हटलं.

दहाव्या दिवशी बूट आले. काकांनी स्वतः गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या, टाचेशी बोट घालून बघितलं, परत सोडल्या, परत बांधल्या. भिंगरी बोळातून चालायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चाल बघायची ती मागून. म्हणून मी, काका आणि वन्सं, तिघंही दुकानाच्या पायरीवर उभे राहून तिच्या पाठीकडे बघत होतो. पहिली काही पावलं ती जपून टाकत होती. मग पलीकडे तिची मैत्रीण दिसली आणि पोरगी सुटली.

"अगं, पळू नकोस!" मी ओरडले.

"पळू दे हो, बाई," काका म्हणाले. त्यांची नजर तिच्या टाचांवरून हलली नव्हती. "पळतानाच तर कळतं."

टाच सरळ पडत होती. मी मोजलं. बोळाच्या टोकापर्यंत, प्रत्येक वेळी.